बिनभोकाचा पत्रा

डॉन तुलिओंचा पाय जीपच्या तळातून आरपार जाऊन रस्त्याला टेकला, तेव्हा जीप चालू होती. नशीब एवढंच, की पुढे चढ होता आणि चढावर कानेलाचा वेग पायी चालणाऱ्या माणसाइतकाच असायचा. त्यामुळे म्हातारबाबा थोडं अंतर एका पायाने जीपबरोबर चालले आणि मग त्यांनी दुसऱ्या पायाने ब्रेक दाबला.

घरी येऊन त्यांनी बुटाची फाटलेली टाच लेकीपुढे धरली. "आज अर्धा रस्ता गाडी चालवली पोरी, अर्धा रस्ता स्वतः चाललो."

कानेला म्हणजे दालचिनी. जीपचं हे नाव तिच्या रंगावरून पडलं होतं, आणि रंग गंजावरून. सांता रीता गावातल्या अर्ध्या लोकांची लग्नाची बिऱ्हाडं, कॉफीची पोती, बाळंतिणी आणि एकदा तर नव्या पाद्रीबाबांचं सगळं सामान तिने डोंगरावर चढवलं होतं. इतकी वर्षं चिखल तुडवल्यावर कुठल्याही पत्र्याने राजीनामा दिला असता.

सगळे जेवायला बसले होते. तेवढ्यात घासभर घेवडा तोंडात असलेला जावई, ओविदिओ, म्हणाला, "तळ मी बदलतो."

रुबिएलाच्या हातातली आरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, तव्यावर पडायची ती चुलीत पडली.

"म्हणजे चेपेच्या गॅरेजला नेऊन देणार ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"नाही. मी. माझ्या हाताने."

ओविदिओ नोटरीच्या कचेरीत कारकून होता. कागद सरळ रेषेत ठेवणं, शिक्का चौकोनाच्या बरोबर मध्यभागी मारणं आणि दोन ओळींत कुणी मागाहून काही लिहू नये म्हणून मोकळ्या जागेवर रेघ ओढणं, यात त्याचा हात धरणारा त्या डोंगराळ भागात कुणी नव्हता. लोखंडाशी मात्र त्याचा संबंध टाचणीपुरताच आला होता.

डॉन तुलिओंनी घास सावकाश चावून संपवला. "जावईबापू, मागे तुम्ही नळाचा वॉशर बदलला होता."

"हो."

"तेव्हापासून आपण पाणी शेजारच्या घरून आणतो."

"ते वेगळं होतं," ओविदिओ म्हणाला. (वेगळं असं काही नव्हतं. नळ छोटा होता, एवढंच.)

खरं तर त्याच्या बोलण्यामागे फुशारकी नव्हती. त्याला मनापासून म्हाताऱ्यासाठी काहीतरी करायचं होतं. डॉन तुलिओंचे गुडघे संपले होते. ऑक्टोबरात गावाचा सण झाला की ते मुलाकडे बोगोताला कायमचे राहायला जाणार होते. तिथे मुलाचा फ्लॅट उंचावर होता आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली होती. "यापुढे माझं वाहन म्हणजे लिफ्ट," ते म्हणायचे, आणि हसायचे नाहीत. जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. सणाच्या मिरवणुकीत कानेला भरून, स्वतः चालवून, चौकाला एक फेरी. चौकाच्या चार बाजू, शेवटच्या. मग चावी जावयाच्या हातात.

या मिरवणुकीत गावोगावच्या जुन्या जीपा येतात. त्यांच्यात दोन जाती असतात. एक बिऱ्हाडवाल्यांची: पूर्वी लोक घर बदलताना जसे पलंगापासून कोंबडीपर्यंत सगळं एकाच जीपवर रचून न्यायचे, तशी जीप रचायची आणि डौलात फिरवायची. दुसरी नाचऱ्यांची: जीपच्या मागच्या बाजूला इतकं वजन घालायचं की पुढची चाकं हवेत उठतात, मग ड्रायव्हर तिला मागच्या दोन चाकांवर गरागरा फिरवतो आणि स्वतः खाली उतरून तिच्याबरोबर नाचतो. पोरं या दुसऱ्या प्रकारावर जीव टाकतात. डॉन तुलिओंना तो प्रकार डोळ्यांसमोर नको असे. "गाडीला माकड करणारी माणसं," एवढं बोलून ते पाठ फिरवायचे. ते स्वतः बिऱ्हाडवाले. त्यांच्या भरण्याची कीर्ती अशी, की वजन बरोबर तोललेलं असायचं. "पुढची चाकं रस्त्याला टेकलेली हवीत," ते सांगायचे, "पण रस्त्याला ते कळता कामा नये."

"बरं," म्हातारबाबा शेवटी म्हणाले. त्यांना गुडघ्यांच्या इंजेक्शनांसाठी पेरेइराला बहिणीकडे जाऊन राहायचं होतं, आणि चेपेच्या गॅरेजसमोर सणापर्यंतची रांग होती. दुसरा इलाजही नव्हता. "पण ऐका जावईबापू. गंजाने पाडलेली भोकं बुजवा. मी पाडलेली राहू द्या."

"अर्थात," ओविदिओ म्हणाला.

म्हातारबाबांची बस सुटली आणि ओविदिओने मागच्या शेडमध्ये जीपच्या सीटा काढून तळाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. तो आत गेला. दुसरीकडे टोचला, तिकडेही गेला. तिसरीकडे टोचायची गरज पडली नाही, तिथे पत्रा आपणहूनच खाली पडला. तळाच्या जागी उरली होती ती रंगाची एक खपली, आणि ती देखील केवळ सवयीने जागेवर होती.

चेपे वेल्डिंगचं मशीन उसनं द्यायला आला. आत डोकावून त्याने शीळ घातली. "डॉक्टर," तो म्हणाला (आमच्याकडे टाय लावणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात, आणि टाय लावून वेल्डिंग करणाऱ्याला तर नक्कीच), "आधी आडव्या पट्ट्या टाकून गाडीचं अंग बांधून घ्या, मगच कापा. नाहीतर दोन्ही बाजू मिठी मारायला एकमेकींकडे येतील. आणि हात हलका. पत्रा पातळ आहे, त्याला लाडीगोडीने घ्यायचं."

पट्ट्या टाकून ओविदिओने कापायला सुरुवात केली. रुबिएला कॉफी घेऊन आली तेव्हा जुन्या तळाचे तुकडे अंगणात मांडलेले होते आणि तिचा नवरा फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने त्यांचा आकार उतरवत होता. ते काम त्याच्या स्वभावातलं होतं. रेघ इतकी सुबक, की त्याखाली शिक्का मारावा.

रुबिएलाने मागच्या बाजूचा एक तुकडा उचलला. "अहो, ही भोकं बघा. ही चांगली गोल गरगरीत आहेत. कोपऱ्यांत एकेक."

ओविदिओने चष्मा वर केला. "जुना गंज. जुना होत गेला की गोल होतो."

"गंज गोल होतो?"

"नदीतले गोटे होतात ना?"

रुबिएला बारावी शिकलेली होती, तिला ते पटलं नाही. पण नवऱ्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हातात हातोडा धरला होता आणि त्याच्या कपाळावर खराखुरा घाम होता. अशा माणसाला बायका उलट प्रश्न विचारत नाहीत. पुढे पुष्कळदा तिला वाटलं, की विचारायला हवा होता. पण त्या क्षणी तिने तुकडा खाली ठेवला, आणि त्याच आठवड्यात भंगारवाला तो घेऊन गेला.

नवा पत्रा बसवताना मात्र ओविदिओची परीक्षा झाली. पहिला टाका घालायला गेला तर पत्रा जळून तिथे भोक पडलं. ते बुजवायला गेला तर त्याच्या बाजूला आणखी एक पडलं. संध्याकाळपर्यंत नव्याकोऱ्या पत्र्याची अवस्था जुन्यासारखी झाली. आगीकडे उघड्या डोळ्यांनी बघितल्यामुळे डोळे असे सुजले, की रुबिएलाने त्याला आडवं करून डोळ्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीत लाल, पाणावलेल्या डोळ्यांनी तो एका जोडप्याच्या घटस्फोटाच्या कागदावर शिक्के मारत होता. ती बाई त्याच्याकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बघ, परक्या माणसाला रडू येतंय आणि तुला काही नाही." दोघं कागद तिथेच टाकून भांडत बाहेर गेली. दुपारी नोटरीसाहेबांनी ओविदिओला आत बोलावून दार लावलं. "घरी सगळं ठीक आहे ना? रुबिएला चांगली बाई आहे हो."

"साहेब, भोकं बुजत नाहीत," ओविदिओ भरल्या डोळ्यांनी म्हणाला.

साहेबांनी त्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

पण माणूस चिकाटीचा. दुसरा पत्रा आणला. एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, अशी रीत त्याला हळूहळू सापडली. सांधे घासून गुळगुळीत केले, सांध्यांत पुट्टी भरली, वर तांबडा प्रायमर मारला. ओविदिओला एकेक भोक आता वैऱ्यासारखं दिसू लागलं होतं. जीपखाली पेटता बल्ब ठेवून तो वरून बघायचा, आणि कुठे उजेडाचा ठिपका दिसला की त्याच्यावर तुटून पडायचा. शेवटी एका संध्याकाळी आत काळाकुट्ट अंधार दिसला. त्याने रुबिएलाला बोलावलं.

"काय दिसतं?"

"काहीच नाही."

"तेच!" ओविदिओ म्हणाला.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मागच्या फाळक्याच्या कडेला बोटभर फट होती. फट दिसली की ओविदिओच्या हाताला चैन पडत नसे. तिथे त्याने रबराची पट्टी चिकटवली. वरून सगळ्या तळावर काळं रबरी मॅट अंथरून कडा डकवून टाकल्या. कानेला आतून अशी दिसू लागली, जणू नुकती शिवून आणलेली बॅग.

सणाच्या आदल्या दिवशी डॉन तुलिओ परत आले. काठी टेकत शेडमध्ये गेले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि बुटाची टाच मॅटवर आपटून पाहिली. एकदा, मग पुन्हा जोरात. ओविदिओ श्वास रोखून उभा होता. या माणसाच्या घरात जावई होऊन त्याला वीस वर्षांवर झाली होती, आणि तेवढ्या काळात सासऱ्याकडून त्याच्या वाट्याला बरा असा एक शब्द आला नव्हता. वाईटही फारसे आले नव्हते. म्हातारा मितभाषी होता.

"पाय खाली जात नाही," डॉन तुलिओ म्हणाले आणि उतरले.

ओविदिओला त्या रात्री झोप लागली नाही. हे कौतुक होतं की नुसतं निरीक्षण, याचा तो कुशीवर वळून वळून विचार करत राहिला.

सकाळी भरणं झालं. म्हातारबाबा खुर्चीवर बसून काठीने दाखवायचे, ओविदिओ आणि चेपे उचलायचे. रुबिएलाच्या लग्नातला पलंग, गादी, लोखंडी चूल, शिलाई मशीन, आरसा, केळ्यांचा घड, कोंबडीचा पिंजरा, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, आणि सगळ्यात मागे, प्रथेप्रमाणे, सर्वांना दिसेल असं लटकवलेलं, रात्री पलंगाखाली ठेवायचं इनॅमलचं लघवीचं भांडं. (ते ओविदिओच्या आईचं होतं. ते लटकवण्यावरून लग्नानंतर पहिलं भांडण झालं होतं.)

"पातेलं अजून एक मागे," डॉन तुलिओ सांगायचे. मग ते पुढचा बंपर एका हाताने उचलून बघायचे. "नको, तवा पुढे आणा. हं. आता मशीन वीतभर मागे." शेवटी त्यांनी बंपरला दोन बोटं लावली आणि जीपचं नाक झोपेतल्या माणसासारखं सावकाश वर झालं, सावकाश खाली आलं. म्हातारबाबांचा चेहरा उजळला. "आता हिच्यावर एक पोळी जरी जास्त ठेवशील ना चेपे, तर तुझी खैर नाही."

मिरवणुकीची रांग शाळेच्या मैदानाशी लागली आणि आभाळ फाटलं. ऑक्टोबरात ते फाटतंच. सगळ्यांनी भराभर ताडपत्र्या ओढल्या. बाकीच्यांनी ताडपत्रीच्या कडा बाहेर सोडल्या. ओविदिओला त्या लोंबणाऱ्या कडा बघवेनात. त्याने पलंगपोसाच्या खोचतात तशा त्या चारी बाजूंनी आत खोचल्या, आणि समाधानाने सासऱ्याशेजारच्या सीटवर येऊन बसला.

पाऊस धो धो कोसळत होता. ताडपत्रीवर पडणारं सगळं पाणी कुठे जात होतं, हा प्रश्न कुणालाही पडला असता. ओविदिओला तो पाय गार पडल्यावर पडला. मागून सीटखालून एक बारीकसा ओहोळ येऊन त्याच्या बुटांना भेटला होता. त्याने मान वळवून सामानाच्या फटीतून मागे बघितलं. मागच्या भागात तळं साचलं होतं, आणि त्यावर रुबिएलाचा लाकडी डाव संथपणे तरंगत होता.

त्याला घाम फुटला. पण म्हातारबाबा समोर बघत होते, टोपी नीट करत होते, स्टिअरिंगवर अंगठ्याने ताल धरत होते. असं त्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. अशा माणसाला कोण सांगणार, की बाबा, आपल्या मागे तळं झालंय? पाणी कुठून तरी जाईलच, असा त्याचा पाण्यावर विश्वास होता. आणि कुठूनही जाणार नाही, असा स्वतःच्या वेल्डिंगवर. दोन विश्वासांच्या मध्ये तो पाय वर उचलून बसला.

"पाय का वर घेतलेत?" डॉन तुलिओंनी विचारलं.

"मुंग्या आल्या."

पाऊस जसा आला तसा थांबला. ऊन पडलं, बँडवाल्यांनी तुताऱ्यांतलं पाणी ओतून टाकलं, ताडपत्र्या निघाल्या. कानेलाची ताडपत्री ओढली तेव्हा तिच्यात साठलेलं उरलंसुरलं पाणी देखील धबाक्कन आत पडलं. रांग हलली.

"गाडी जड लागतेय," डॉन तुलिओ म्हणाले.

"गादी भिजली असेल."

"गादीने एवढी?"

"कापसाची आहे."

म्हातारबाबांनी नजर पुढे वळवली. कारण समोर चौक आला होता आणि चौकात सगळं गाव होतं. बाल्कन्यांतून लोक हात हलवत होते. "डॉन तुलिओ!" "मला शाळेत सोडायचात, डॉन तुलिओ, आठवतं का?" "माझी आई तुमच्याच गाडीत बाळंत झाली!" लाउडस्पीकरवरचा माणूस ओरडत होता, "आणि आता येतेय कानेला! डॉन तुलिओंची शेवटची फेरी, मंडळी, टोप्या काढा!" टोप्या खरंच निघाल्या. चौकाची पहिली बाजू सरली. दुसरी सरली. डॉन तुलिओंच्या गालांवरून काहीतरी ओघळत होतं, आणि पाऊस तर थांबलेला होता. ओविदिओच्या मनात आलं, की आपण आयुष्यात एक काम तरी चांगलं केलं.

तिसरी बाजू चर्चच्या अंगाने जाते. तिथे चढ आहे.

कानेलाने चढाला नाक लावलं आणि मागचं सगळं तळं एकदम फाळक्याकडे गेलं. पुढची चाकं, जी रस्त्याला कळू न देता टेकलेली होती, ती टेकायची थांबली. ओविदिओला समोर आधी चर्चचं दार दिसत होतं, मग घंटा, मग क्रूस, आणि मग नुसतं आभाळ.

"काय होतंय?" डॉन तुलिओ ओरडले आणि स्टिअरिंग गरगर फिरवायला लागले. चाकं आज्ञाधारकपणे फिरत होती, पण हवेत. मागचा बंपर दगडी फरशीवर घासला, आणि कानेला गर्रकन अर्धी वळली.

चौकातल्या सगळ्या माना वर झाल्या. आणि मग असा जल्लोष झाला, की चर्चवरची सगळी कबुतरं उडाली.

"डॉन तुलिओ नाचवतायत!" स्पीकर किंचाळला. "आयुष्यभर नाही नाही म्हणत होते, आणि शेवटच्या फेरीला, मंडळी, शेवटच्या फेरीला!"

"मी नाही नाचवत!" म्हातारबाबा ओरडत होते. "थांबवा! अरे मी नाही!" बँडने नाचाची धून धरली होती. कुणाला काही ऐकू जात नव्हतं.

आता ओविदिओला सुचलं ते एकच. नाक खाली आणायचं तर नाकावर वजन हवं. तो काचेच्या चौकटीवरून चढून बॉनेटवर आला, पोटावर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी हेडलाइट धरून लोंबकळला.

"आणि हे त्यांचे जावई! नोटरीच्या कचेरीतले! कसरत बघा!"

नाक खाली आलं. धाडकन. आणि नाकाबरोबर ते तळंही पुढे आलं. ते सीटखालून आलं, सीटमधून आलं, सीटवरून आलं. डाव घेऊन आलं, तवा घेऊन आलं, आणि मागचं दोर तुटलेलं भांडं सामानावरून गडगडत येऊन डॉन तुलिओंच्या मांडीवर थांबलं. समोरच्या यंत्रातून एक उसासा निघाला आणि इंजिन बंद पडलं. ते पुन्हा चालू झालं नाही.

फेरीची दीड बाजू उरली होती.

पोरांनी जीप ढकलत बाजूच्या गल्लीत नेली. रुबिएला गर्दीतून धावत आली आणि तिने वडलांच्या मांडीवरचं भांडं उचलून घेतलं. डॉन तुलिओ उतरले. त्यांच्या पँटमधून पाणी निथळत होतं. काठी टेकून, एका हाताने फाळक्याला धरून ते कष्टाने वाकले आणि त्यांनी जीपच्या खाली बघितलं. आत अजून घोटाभर पाणी होतं. तळातून खाली मात्र काहीच ठिबकत नव्हतं.

मग त्यांनी काठीच्या टोकाने तळाचा मागचा कोपरा ठोकून बघितला.

"इथे कोपऱ्यांत भोकं होती," ते म्हणाले.

"होती," ओविदिओ म्हणाला.

"गोल."

"हो."

"कानेला घेतली त्याच वर्षी पाडली होती मी. पाणी जायला."

म्हातारबाबा ओरडले असते, काठी उगारली असती, तर ओविदिओला बरं वाटलं असतं. पण ते नुसते उठले आणि पँटचं टोक पिळायला लागले. रुबिएला पुढे होऊन दुसरं टोक पिळू लागली. बापलेक समोरासमोर वाकून पँट पिळत होते आणि ओविदिओ त्यांच्याकडे बघत उभा होता. हातात काही नव्हतं म्हणून त्याने डाव धरला होता.

गल्लीच्या तोंडाशी पोरांचा घोळका आला. "डॉन तुलिओ, चला, चला, मंचावर बोलावलंय!"

नाचऱ्या जीपांतलं पहिलं बक्षीस कानेलाला मिळालं होतं. महापौरांनी चषक दिला. त्यावर मागच्या दोन चाकांवर उभी असलेली पितळेची जीप होती. डॉन तुलिओंनी टोपी काढून, सभ्य माणसासारखे आभार मानून तो घेतला. चषक काखेत मारून ते खाली उतरले तेव्हा बिऱ्हाडवाल्यांचं बक्षीस दुसऱ्याच कुणाला देत होते. ते ऐकायला ते थांबले. टाळ्याही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोगोताची बस होती. ओविदिओ पहाटेपासून शेडमध्ये इंजिनाच्या टोपणात फुंकर मारत होता. कानेला चालू झाली तर बस सुटण्याआधी उरलेली दीड बाजू तरी होईल, असं त्याच्या मनात होतं. रिकामा चौक, न भरलेली जीप, पण फेरी पुरी. त्याने रुबिएलाचा केस वाळवायचा पंखा लावून बघितला, कापडाने पुसून बघितलं, शेवटी मेणबत्ती लावून प्रार्थनाही केली. कानेला नुसती खोकली.

"राहू द्या," दारात येऊन डॉन तुलिओ म्हणाले. त्यांनी चावी काढून त्याच्या हातात ठेवली. "भिजलीय ती. दोन दिवस बोलणार नाही."

"पुढच्या वर्षी सणाला याल ना, बाबा?"

म्हातारबाबांनी गुडघ्यावर हात फिरवला आणि बाहेर चेपेची गाडी उभी होती तिकडे चालू लागले.

बसस्टँडवर सकाळच्या थंडीतही तिघे तरुण ओविदिओला शोधत आले. त्यांच्याकडे जीपा होत्या आणि त्यांना आत पाणी साठवायचा तळ बसवून हवा होता. "डॉक्टर, ती युक्ती तुमचीच ना? गावभर तेच बोलतायत. पोती भरण्यापेक्षा कितीतरी भारी! आमच्याही जीपांना बसवून द्याल का?" ओविदिओने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की ते माफी मागून निघून गेले.

डॉन तुलिओ बसमध्ये खिडकीशी बसले. पितळेचा चषक मांडीवर होता, कारण रुबिएलाने तो पिशवीत घालायचा म्हटला तरी तो पिशवीत मावेना. लेकीने खिडकीतून त्यांचा हात धरला होता. ओविदिओ तिच्या मागे उभा होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, आणि जे म्हणायचं ते मोठं होतं म्हणून ते तोंडात मावत नव्हतं. बस हलली. रुबिएलाचा हात सुटला.

थोडी पुढे गेल्यावर खिडकीतून म्हातारबाबांचं डोकं बाहेर आलं.

"जावईबापू!"

ओविदिओ धावला. बसच्या चाकांबरोबर, चिखलातून, टाय खांद्यावर उडत.

"सांगायचं राहिलं," डॉन तुलिओ ओरडले. "वेल्डिंग मात्र पक्कं केलंत! एक थेंब गळला नाही!"

आणि बस वळणावर दिसेनाशी झाली.

ओविदिओ तिथेच उभा राहिला. मागून रुबिएला धापा टाकत आली, रुमालाने डोळे पुसत.

"काय म्हणाले हो बाबा?"

"वेल्डिंग चांगलं झालंय म्हणाले."

रुबिएलाने त्याचा दंड धरला. रडता रडता तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बघा," ती म्हणाली, "आणि तुम्ही उगाच वाईट वाटून घेत होता."